पाचटाचा हार

"आमचं हागणं मोजायला आलीयस ना इथं? मग आधी जेव. उपाशीपोटी हिशोब चुकतो," असं म्हणत मामा ओधियाम्बोनं माझ्या ताटात उगालीचा गोळा आदळला.

मी मुकाट्यानं गिळायला लागले. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत पालेभाजी. चव काही वाईट नव्हती हो, पण वाढणारीच्या चेहऱ्याकडं बघितलं की भूक मरायची. तिकडं बाईला तिच्या थोरल्या पोराच्या नावानं हाक मारतात. मामा म्हणजे आई. थोरला ओधियाम्बो नैरोबीत नोकरीला, म्हणून ही मामा ओधियाम्बो. मी तिच्या घरी राहायला आल्यापासून ती माझ्याशी एक शब्द नीट बोलली असेल तर शपथ.

केनियाच्या पश्चिमेला कोलोना नावाचं हे गाव. मी कागलकडची. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आणि त्यात परदेशात इंटर्नशिप, म्हणून आमच्या गावात माझा सत्कारसुद्धा झाला होता. सत्कार करणाऱ्यांना मी तिकडं काय करणार हे कुणी सांगितलं नव्हतं, ते बरंच झालं. काम होतं संडासाचे खड्डे तपासायचं, विहिरीचं पाणी तपासायचं, आणि पायाखालची काठी दाबून, दोरीला टांगलेला डबा कलता करून हात कसे धुवायचे हे पोराबाळांना शिकवायचं. गावाला आमचा राग होता. विहिरीवर मी गेले की बायका बोलायच्या थांबायच्या, आणि माझी पाठ वळली की हसायच्या. कुणाच्या परसात कोण कुठं बसतं हे विचारत फिरणारी पोरगी कुणाला आवडेल? मलाही आवडली नसती.

घरात माझ्याशी बरं वागणारी माणसं दोन. एक मामाचा नवरा, म्झे ओकुमू. म्झे म्हणजे आपल्याकडचं 'अण्णा' म्हणा. साखर कारखान्यात ऊस मोजायच्या वजनकाट्यावर नोकरी केलेला माणूस. इंग्रजी झकास. मी उसाच्या मुलखातली म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्याकडं तोडणीला टोळ्या येतात की गावातलीच माणसं तोडतात?" मी रंगात येऊन तासभर बोलत बसले. गावाच्या स्वच्छता समितीचे अध्यक्षही तेच. गावातला पहिला पक्का संडास त्यांनीच बांधला, आणि रोज मी त्याच संडासात जात होते.

दुसरी अतिएनो, ओधियाम्बोची बायको, माझ्याच वयाची. सातवा महिना सरत आलेला. शाळा शिकलेली, बोलायला गोड. सासरा अंगणात आला की ती वाट सोडून बाजूला व्हायची, मान खाली. तोही तिच्याकडं बघायचा नाही. काही सांगायचं असलं तर बायकोमार्फत. मला यात नवल वाटलं नाही. माझ्या आईनं आमच्या आबांसमोर जन्मात कधी खुर्चीला बूड लावलं नाही.

नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अतिएनो दिवसभर पाणी पीत नव्हती. पाय सुजलेले, ओठ फुटलेले, आणि मी पेला पुढं केला की म्हणायची, "नको, नंतर."

"अगं नंतर म्हणजे कधी? पोटात पोर आहे तुझ्या!"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "प्यायले की जावं लागतं, रेणू. आणि आता ऊस तुटला ना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरामागं पुरुषभर उंच ऊस होता. आदल्या आठवड्यात तो तुटून गेला होता आणि आता नुसते बुडखे राहिले होते. उसाच्या मुलखात ऊस तुटला की बायकांची काय पंचाईत होते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"पण घरात संडास आहे की!"

"तो त्यांचा आहे. सासऱ्यांचा." ती अगदी कुजबुजत होती. "सून जात नाही तिथं. सासरा जिथं बसतो तिथं सून कशी बसेल? तू जातेस, तू परकी आहेस."

मी तडक मामाकडं गेले. ती शेंगा फोडत बसली होती. माझी मोडकीतोडकी स्वाहिली तिला कळायची, पण कळल्याचं ती दाखवायची नाही.

"मामा, अतिएनोसाठी दुसरा खड्डा खणूया ना."

"कोण खणणार?"

"कुणीही. मजूर लावू."

"आमच्या आवारात कुदळ मारायची तर घरधन्यानं सांगावं लागतं. विचारशील तू त्याला?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरले. "ओधियाम्बो नाताळात येईल. आला की खणेल. तोवर आमच्या सुनेच्या परसाकडची चौकशी तुझ्या साहेबाला सांगू नकोस. म्हाताऱ्यानं तिला कधी त्या अवस्थेत बघितलं ना, तर ती या घरात राहणार नाही. त्यालाही तोंड वर करता येणार नाही आणि तिलाही. पोटातलं पोर घेऊन ती माहेरी जाईल आणि परत येणार नाही. कळलं?"

कळलं. पण म्हटलं, एवढी साधी गोष्ट नवऱ्याला विचारायला काय धाड भरलीय हिला? सुनेपेक्षा हिचा तोरा मोठा. मनात तिला चार शिव्या हासडल्या आणि उठले.

तिनं बजावलं होतं तरी मी साहेबांशी बोलायचं ठरवलं, कारण गप्प बसून चालणारं नव्हतं. साहेब म्हणजे नेर्लेकर सर. आपलेच, वाळव्याकडचे. परदेशात मराठी माणूस वरिष्ठ म्हणून मिळाला याचा मला केवढा आनंद झाला होता! तो चार दिवस टिकला. सर पूर्वी आपल्याकडं गुड मॉर्निंग पथकात होते. पहाटे टॉर्च आणि शिट्ट्या घेऊन गावाबाहेर दबा धरायचा, कुणी बसलेलं दिसलं की शिट्टी फुंकायची, गळ्यात झेंडूचा हार घालायचा, फोटो काढायचा. आमच्या गावातही असं पथक येऊन गेलेलं. तेव्हा माझ्या चुलतीनं रात्रीचं जेवणच सोडलं होतं. सरांना मात्र त्या दिवसांचा भारी अभिमान.

"एक गाव, एक शिट्टी, काम फत्ते!" ते म्हणायचे. "ही आयडिया मी इथं आणली. शुक्रवारी देणगीदार येणार, गाव हागणदारीमुक्त झालं म्हणून वेशीवर पांढरा झेंडा लागणार. पूर्व आफ्रिकेत नाव होणार आपलं, रेणुका."

मी त्यांना कुणाचं नाव न घेता सांगितलं, की सासरा जातो त्या संडासात सुना जात नाहीत, घराला दुसरा खड्डा हवा.

ते हसले. "अंधश्रद्धा! तू इंजिनिअर आहेस का देवऋषी? एका घराला एक संडास, हा नियम आहे. सुनांना लाज वाटते म्हणून आता मी देणगीदारांकडं दुसरा संडास मागू?"

"सर, मग निदान नाताळपर्यंत थांबू."

"झेंडा शुक्रवारी आहे आणि तू नाताळ काय सांगतेस?" मग त्यांचा आवाज बदलला. "एक मिनिट. कुठलं घर? तू राहतेस तेच ना? अध्यक्षाच्या घरातली बाई बाहेर जाते?"

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणंच त्यांना पुरलं.

"शाब्बास! म्हणजे दिव्याखाली अंधार. उद्या पहाटे पथक काढतो. अध्यक्षाला बरोबर घेतो, दोन पोरं घेतो. अध्यक्षाच्या डोळ्यादेखत एकदा हार पडला ना, की गावात परत कुणी बाहेर बसणार नाही. तूही यायचं. आणि शिट्टी तू मारायचीस."

"मी नाही येणार, सर. ती गरोदर आहे."

"गरोदर बाईला स्वच्छता नको का? तुझं सर्टिफिकेट माझ्या सहीनं जातं, विसरू नकोस."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिथंच बसून त्यांनी उसाच्या पाचटाचा हार वळायला घेतला. झेंडू मिळत नव्हता तिकडं. वाळक्या पात्यांचा तो हार वळताना बोटं कापत होती तरी सर गुणगुणत होते.

घरी येऊन मी अतिएनोला सांगितलं, उद्या पहाटे जाऊ नकोस. ती म्हणाली, "कालपासून गेले नाहीये, रेणू. रात्री तिकडं रानकुत्री असतात. पहाटे गेले नाही तर मी मरेन." मामाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिनं मला तिथंच सोलून काढलं असतं, आणि तिचं काही चुकलंही नसतं.

तांबडं फुटायच्या आत मी मागच्या दारानं रानात गेले. अतिएनो बांधाच्या कडेला होती, पोट सावरत, एका हातानं बुडखा धरून बसलेली. लांबून टॉर्चचे झोत हलताना दिसत होते आणि सरांचा आवाज ऐकू येत होता. ते थेट आमच्याच बाजूला येत होते.

"ऊठ," मी म्हटलं.

"उठता येत नाहीये."

मी तिला काखेत हात घालून उचललं आणि बांधापलीकडच्या पाटात ढकललं. हो, ढकललंच. पाटाला पाणी नव्हतं, पण आत चिखल होता. "हलू नकोस आणि तोंडातून आवाज काढू नकोस," म्हटलं, आणि पळायचं म्हणून वळले तर टॉर्च एवढे जवळ आलेले की पळाले असते तरी ते या पाटापर्यंत आलेच असते. तेव्हा मला सरांचा असा राग आला, त्यांच्या त्या हाराचा, त्या गुणगुणण्याचा, माझ्या चुलतीचा उपाशी चेहराही आठवला, की मी सलवारीची नाडी सोडली आणि अतिएनो जिथं बसली होती तिथंच बसले.

शिट्टी वाजली. मला दिलेली शिट्टी माझ्या खिशातच होती, ही सरांची.

"सापडली!" सर इंग्रजीत ओरडले. "हलू नका! उठू नका!"

झोत तोंडावर आला. मी डोळ्यावर आडवा हात धरला आणि मराठीत म्हटलं, "सर, बसू द्या की निवांत. पोट बिघडलंय."

बरोबरच्या दोन पोरांपैकी एक फसकन हसला.

"रेणुका? तू?"

"मीच. घाला हार. एवढा वळलाय तर घाला की."

"तू हे मुद्दाम केलंस!"

"मुद्दाम कोण हागतं हो, सर?"

शब्द कळत नसले तरी आता दोन्ही पोरं पोट धरून हसायला लागली. सर हार घेऊन पुढं आले. "लाज नाही वाटत? देशाचं नाव घालवलंस! मुलीची जात आणि हे असं..."

"मग त्या दुसऱ्या कुणाला घालणार होतात तो हार, ती कुठल्या जातीची होती?"

त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला नाही. अंगावर फेकला. पाचट गालाला चरचरत गेलं. झोत हलला तेव्हा मला म्झे ओकुमू दिसले. ते आमच्याकडं पाठ करून उभे होते, बऱ्याच मागं, कारखान्याच्या दिशेला तोंड करून. मी उभी राहिले, कपडे सारखे केले, तरी ते वळले नाहीत. तसेच उभं राहून इंग्रजीत म्हणाले, "साहेब, दिवा विझवा. ही मुलगी माझ्या घरात जेवते."

घरी पोचलो तेव्हा मामा अंगणातच उभी होती. अतिएनो पाटातून आधीच घरात पोचली असणार, कारण मामाच्या कमरेच्या कापडाला ओला चिखल लागला होता. मी मनाची तयारी केली, आता माझी धडगत नाही.

"हिला बघा!" मामा कडाडली. तिचा आवाज शेजारच्या चार घरांत सहज जात असेल. "माझ्या घरात संडास असताना ही रानात बसते! गाव म्हणेल मामा ओधियाम्बोनं पाहुणीला दार बंद केलं! थोबाड काळं केलंस माझं!"

मी काही बोलायच्या आत ती नवऱ्याकडं वळली आणि आणखी मोठ्यानं ओरडली, "आणि का बसते विचारा! हिच्या देशात म्हणे वडीलधाऱ्या पुरुषाच्या संडासात मुली जात नाहीत! जीव गेला तरी जात नाहीत! एवढे दिवस लाजेपोटी बोलली नाही मूर्ख!"

एवढे दिवस मी रोज सकाळी त्याच संडासात जात होते, आणि बाहेर आले की म्झे ओकुमू अंगणात बसून "गुड मॉर्निंग" म्हणत होते.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बराच वेळ जमिनीकडं.

"असं आहे का?" त्यांनी विचारलं.

मामाचे डोळे माझ्यावर होते. त्या डोळ्यांत राग होता, पण त्या रागाखाली ती अक्षरशः हात जोडत होती. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, ती नवऱ्याला का विचारू शकत नव्हती ते. खड्डा कुणासाठी, हे सासऱ्याच्या कानावर घालायचं म्हणजे सुनेला त्याच्यासमोर उघडं पाडायचं. ते शब्द त्या घरात उच्चारायचेच नव्हते. आणि म्झे ओकुमूंनी पहाटे रानात आधीच पाठ का केली होती, तेही आलं ध्यानात.

"हो," मी म्हटलं. "आमच्यात चालत नाही."

"मग आधी सांगायचंस, मुली." त्यांनी पडवीतून कुदळ घेतली आणि ते घराच्या मागच्या अंगाला गेले. त्या वयात स्वतः खणायला लागले. थोड्या वेळानं ती पहाटेची दोन पोरंही हातभार लावायला आली.

दुपारी नेर्लेकर सर गाडी घेऊन आले. खड्डा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "एका घराला एकच! हे नियमात बसत नाही."

"हा घराचा नाही," म्झे ओकुमू घाम पुसत म्हणाले. "पाहुणीचा आहे. आणि तुमच्या सामानातला यात एक खिळाही नाही."

"पाहुणी आजच निघाली," सर म्हणाले. "गैरवर्तन. सामान भर, रेणुका. सर्टिफिकेट विसर."

सर्टिफिकेट गेलं. त्यामुळं माझं एक वर्ष वाया गेलं, आणि गावात सत्कार करणाऱ्यांनी वडिलांना जे ऐकवलं ते इथं सांगत नाही. सरांचा पांढरा झेंडा शुक्रवारी लागला, हेही ऐकलं. लागू दे.

मी गाडीत बसले तेव्हा अतिएनो दाराआडून नुसती बघत होती. मामा गाडीपाशी आली. मला वाटलं आता तरी गोड बोलेल.

"परत कधी येणार?" तिनं फणकाऱ्यानं विचारलं.

"आता कुठली येते, मामा. काढून टाकलंय मला."

तिनं खिडकीतून हात घालून माझं मनगट असं आवळलं की वळ उठला. "असं कुणासमोर बोलायचं नाही. माझ्या नवऱ्यासमोर तर नाहीच. अक्कल नाही का तुला? पाहुणी येणार आहे तोवर तो संडास पाहुणीचा आहे. नाही येणार म्हटलीस तर तो कुणाचा?"

गाडी सुटली तेव्हा अंगणातून म्झे ओकुमूंनी हात हलवला. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "पुढच्या महिन्यात येते!"

आता वर्षं झाली त्याला. मी कोल्हापुरात नळपाणी योजनांची कामं बघते. अतिएनोचा फोन येत असतो. तिला मुलगी झाली, मग मुलगा झाला. ती आता पोटभर पाणी पिते. हसत हसत सांगत होती, की कोलोनात हल्ली बऱ्याच घरांना लांबचे पाहुणे येणार असतात आणि त्यांच्यासाठी मागच्या अंगाला खड्डे खणलेले असतात. कुणाचा पाहुणा आलेला मात्र कुणी बघितला नाही.

परवा फोन मामानं हिसकावून घेतला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"तुझा खड्डा भरला," ती म्हणाली. "म्हातारा दुसरा खणायला माणूस लावतोय. पण आधी तुला विचार म्हणतोय. इथंच बसलाय समोर, कान टवकारून. सांग, येणार आहेस का?"

मागून म्झे ओकुमूंचा खोकला ऐकू आला.

"येणार म्हणून सांगा, मामा," मी म्हटलं.

"कधी?"

"पुढच्या महिन्यात."